आपली पाच माणसं

वैशाली नेमकं काय काम करते, हे डिलाईल रोडच्या त्या चाळीत कुणालाच धड सांगता यायचं नाही. तिची आई कमलाबाई शेजारणींना सांगायची, "कंपनीत नवीन वस्तू निघते ना, तिला नाव देते ती. आणि ती कुणी घ्यायची, का घ्यायची, तेपण तीच ठरवते." त्यावर समोरच्या खोलीतल्या रमाबाई म्हणायच्या, "नावं ठेवायचा पगार मिळतो होय गं? मग आपण एवढी वर्षं फुकटच राबलो की!" सगळ्या हसायच्या, पण त्या हसण्यात कौतुक असायचं. गॅलरीतून जो काचेचा टॉवर दिसतो, त्याच्या चोविसाव्या मजल्यावर आपली पोर बसते, हे काय थोडं झालं?

कामाचं खरं नाव होतं ब्रँड स्ट्रॅटेजी. मोठ्या कंपन्यांना साध्या कामाला जड नाव द्यायची हौस असते. लोकांच्या मनात काय आहे ते हळूच काढून घ्यायचं आणि तेच चांगल्या खोक्यात घालून त्यांना परत विकायचं, एवढाच त्याचा अर्थ. वैशाली त्यात वाकबगार होती. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत वाढलेल्या मुलीला, माणूस तोंडाने एक बोलतो आणि त्याच्या मनात दुसरंच असतं, हे शिकवावं लागत नाही. ऑफिसातली बाकीची मंडळी परदेशातून डिग्र्या घेऊन आलेली. त्यांच्यापुढे ती पहिली दोन वर्षं तोंड उघडायची नाही. मग एकदा उघडलं, आणि त्यानंतर सगळे तिचंच ऐकायला लागले.

कंपनी एक नवीन वस्तू काढत होती. दारावर बसवायचं, तळहाताएवढं यंत्र. त्यात कॅमेरा होता, आणि दारात कोण उभं आहे ते ओळखून ते घरात मोठ्याने सांगायचं. फ्लॅटवाल्यांकडे अशी यंत्रं आधीच होती. कंपनीला आता लहान घरं हवी होती, एका खोलीची, दीड खोलीची, कारण अशी घरं कोटींनी आहेत. वैशालीने यंत्राला नाव दिलं 'उंबरा'. तिचा साहेब हितेंद्र ते ऐकून खुर्चीतून उठलाच. हितेंद्र प्रभादेवीचा, स्वच्छ मराठी बोलणारा, कामाला वाघ. माणूस म्हणून तो वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्याचा राग येईल, आणि एकट्या त्याचाच राग येणं बरोबर नाही.

नाव मिळालं, पण खरी अडचण पुढेच होती. चाळीत दिवसा दार लावतं कोण? दार बंद दिसलं तर आत कुणी आजारी आहे, नाहीतर भांडण चाललंय, असं समजतात. येणारा माणूस बेल वाजवत नाही. बाहेर खोकतो आणि आत येतो.

"मग असं काय केलं म्हणजे हे लोक दार लावून घेतील?" हितेंद्रने विचारलं.

"आठ दिवस दे मला," वैशाली म्हणाली, आणि आता भाड्याच्या फ्लॅटवर राहत असली तरी आपल्याच चाळीत येऊन वही घेऊन बसली. तिथे ती सगळ्यात जास्त वेळ बोलली ती बुधाजीकाकांशी.

बुधाजीकाका जिन्याखालच्या खोलीत राहायचे. वय अडुसष्ट. गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, कायम व्हायच्या आतच संप झाला. मग कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर तीस वर्षं वॉचमनकी केली. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. चाळीत सख्खं असं त्यांचं कुणी नव्हतं, आणि तरी चाळीतल्या कुठल्या घरात चहाचा डबा कुठे असतो ते त्यांना ठाऊक होतं. सकाळी पाणी आलं की ते दारोदार खोकत हाक द्यायचे. कुणी म्हातारं माणूस पडलं तर केईएम हॉस्पिटलात सोबत काका. चौदा एप्रिलला निळे झेंडे बांधणार काका. मयत झाली की पांढरं कापड आणण्यापासून बौद्धाचार्यांना निरोप देण्यापर्यंत सगळं काका. वैशाली नववीत असताना तिचा बाप गेला. तेव्हा पंधरा दिवस तिला शाळेत सोडायला काका यायचे आणि वाटेत एक शब्दही बोलायचे नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्याचं तिला अजूनही बरं वाटायचं.

"काका, माणसाला माणसं किती लागतात हो?" तिने वहीतला प्रश्न विचारला.

काकांनी थोडा विचार केला. "पाच," ते म्हणाले. "चार खांदा द्यायला आणि पाचवं घरातल्यांजवळ बसायला. तेवढी असली की बास." मग हसून म्हणाले, "चार गोळा करायला लागतात बाय. पाचवा मी असतोच."

वैशालीने वहीत लिहिलं, 'पाच'. पुढचं वाक्य तिने लिहिलं नाही. ते तिच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

मीटिंगमध्ये तिने पडद्यावर दोनच शब्द टाकले, 'आपली पाच'. घरात राहणारी माणसं वेगळी. बाहेरून येणाऱ्यांपैकी आपली अशी फक्त पाच माणसं निवडायची. ती दारात आली की यंत्र त्यांचं नाव घेऊन गोड आवाजात सांगणार. बाकी सगळे परके. इंजिनिअर म्हणाले, "यंत्रात पंचवीस चेहरे आरामात मावतात. पाचच कशाला?" वैशाली म्हणाली, "पंचवीस म्हणजे यादी झाली. पाच म्हणजे माणसं." यावर टाळ्या पडल्या. खरोखरच पडल्या. आणि पंचविसांची जागा असताना पाचच ठेवायचं ठरलं.

आणखी एक गोष्ट तिनेच केली. परका माणूस आला तर यंत्राने काय म्हणावं? तिने आधी लिहिलं होतं, 'दारात कुणीतरी आलंय.' लोकांना ऐकवून पाहिलं, तर लोक नुसते हसले. मग तिने बदलून लिहिलं, 'सावधान. दारात अनोळखी व्यक्ती आहे.' ते ऐकल्यावर बायका सावरून बसल्या आणि हे कधी मिळेल म्हणून विचारू लागल्या. माणसाला भीती घातली की तो दार लावतो. हितेंद्रला हवं होतं ते उत्तर हेच होतं.

विक्रीआधी चाचणी घ्यायची होती. वैशालीने आपलीच चाळ सुचवली. चाळीस खोल्यांना यंत्र फुकट. एका रविवारी कंपनीची माणसं आली आणि दारांवर यंत्रं बसवून गेली. आपल्या पोरीच्या कंपनीचं म्हणून कुणी नाही म्हटलं नाही. काकांनीच स्टूल धरलं आणि कुठल्या भिंतीत ओल आहे ते दाखवलं. स्वतः मात्र त्यांनी यंत्र घेतलं नाही. "माझ्या दाराला कडी नाय धड, त्याला मशीन कुठं लावता?" म्हणाले.

मग घरोघरी पाच माणसं निवडायचा कार्यक्रम झाला. लेक, जावई, भाऊ, मावशी, मुलीची मैत्रीण, म्हणता म्हणता पाच भरली. एका घरात नवराबायकोचं वाजलं, दुसऱ्या घरातले व्याही रुसले. पण एकाही घराने बुधाजीकाकांचा चेहरा घातला नाही. यात कुणाच्या मनात काळं नव्हतं. ती यादी पाहुण्यांची होती, आणि बुधाजी काय पाहुणा आहे? तो घरातलाच. घरातल्याचं नाव बाहेरच्यांच्या यादीत घालायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि घरातल्यांच्या यादीत कंपनीची माणसं रेशनकार्डावरचीच नावं घेत होती. काका दोन्हींच्या मधे राहिले. कमलाबाईच्या फोनवर पाच चेहरे वैशालीने स्वतः भरले होते. तिलाही सुचलं नाही.

सोमवारी सकाळी पाणी आलं. यंत्र चालायचं तर दार बंद लागतं, म्हणून गॅलरीतली सगळी दारं ओळीने बंद. काका पहिल्या दारापाशी खोकले. आतून बाईचा गोड आवाज आला, 'सावधान. दारात अनोळखी व्यक्ती आहे.' काका हसले. दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात रमाबाईंनी आतून ओरडून विचारलं, "कोण आहे?"

"मी गो, बुधाजी. पाणी आलंय."

चौथं दार, पाचवं, सहावं. आवाज तोच, वाक्य तेच, आणि पातळ फळ्यांच्या दारांतून ते सगळ्या गॅलरीला ऐकू जात होतं. अकराव्या दारापासून काकांनी खोकणं सोडलं आणि नुसती टिचकी मारून पुढे जायला लागले. पण यंत्र चेहरा बघत होतं. खोकल्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

चाळीला मात्र विनोदाला विषय मिळाला. "काय रे बुधाजी, अनोळखी झालास ना?" काकाही हसायचे. असे ते दहा दिवस फिरले. पाण्याची हाक, कुणाचं औषध, कुणाचा निरोप, आणि प्रत्येक दारात ते वाक्य. अकराव्या दिवशी पाण्याची हाक आलीच नाही. अर्ध्या चाळीची पिंपं कोरडी राहिली. लोक काकांवरच चिडले.

त्याच दिवशी चोविसाव्या मजल्यावर चाचणीचा आढावा होता. हितेंद्र खुशीत होता. "हा बघा आपला सगळ्यात मोठा विजय," तो म्हणाला. "एकच चेहरा. दहा दिवसांत चारशे बारा वेळा, चाळीसच्या चाळीस दारांत. सिस्टिमने आपोआप त्याच्यावर लाल खूण केली. विचार करा, हा माणूस रोज घरोघर जाऊन चाचपणी करतोय, आणि आजवर कुणाला पत्ता नव्हता!"

पडद्यावर काकांचे फोटो होते, लहान लहान चौकोनांत, ओळींनी. पहिल्या ओळीत ते खोकत होते, मूठ तोंडाशी, डोळ्यांत हसू. खालच्या ओळींत मान झुकत गेलेली. शेवटच्या ओळीत चेहरा असा नव्हताच, पांढऱ्या केसांचा माथा तेवढा दिसत होता.

"उद्या अकराला चाळीसही घरांना याचा फोटो आणि इशारा जाईल," हितेंद्र म्हणाला. "यावरच लाँच करू. कुणाची हरकत?"

मी ओळखते यांना, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण ते म्हटल्यावर पुढे काय काय म्हणावं लागेल, ते तिला लख्ख दिसलं. की पाच हा आकडा चुकला. की ते वाक्य चुकलं. की ज्याला आपण पकडलंय तो माणूस चोर नाही, त्याच्यावाचून ती चाळ चालत नाही, आणि एवढंही न कळणाऱ्या यंत्राला उंबरा म्हणायची आपल्याला लाज वाटायला हवी. समोरच्या कागदावर देशभरच्या लाँचची जबाबदारी कुणाकडे, त्या जागी तिचं नाव छापलेलं होतं. संध्याकाळी आईला फोन करून काकांचा चेहरा घालायला सांगू, म्हणजे लाल खूण आपोआप जाईल, असं तिने मनाशी ठरवलं. वेळ मारून नेणं म्हणतात ते हेच. पडद्यावर पुढचं चित्र आलं आणि तिने वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

संध्याकाळी आई फोनवर म्हणाली, "पाच भरल्यात गं. कुणाला काढू? तुझ्या मावशीला?"

"एक दिवसापुरतं काढ ना, आई."

"आणि तिला कळलं म्हणजे? बुधाजीला कशाला लागतं नाव? तो काय परका आहे?"

"मशीनला परके आहेत गं ते!"

"मग मशीनला सांग," कमलाबाई म्हणाली आणि फोन ठेवला. वैशालीने आणखी दोन घरी फोन केले. तिकडेही पाच भरलेली. मग तिने फोन करणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी अकराला चाळीस घरांतले फोन एकदम वाजले. काकांचा फोटो, भोवती लाल चौकट, खाली 'या व्यक्तीपासून सावध राहा.' चाळीची हसून हसून मुरकुंडी वळली. कुणीतरी फोन नेऊन काकांनाच दाखवला, "बघ बुधाजी, फोटो आला तुझा!" काकांनी फोन लांब धरून वाचलं, परत दिला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. आतून दाराला खुर्ची लावल्याचा आवाज आला. तेव्हा कुठे हसणं थांबलं.

मग माणसं गेली त्यांच्याकडे. रमाबाई गेल्या, कमलाबाई गेली. "अरे, आम्ही तुला परका समजतो काय? तू घरातलाच, म्हणून तर नाव घातलं नाय!" बोलणं अगदी खरं होतं. पण चाळीस घरांनी तेच एक वाक्य सांगितल्यावर ऐकणाऱ्याने किती विश्वास ठेवावा?

वैशालीने त्याच दिवशी हितेंद्रला सगळं सांगितलं. उशिरा का होईना, सांगितलं. त्याला वाईट वाटलं, आणि ते दाखवण्यापुरतं नव्हतं. "पण वैशाली, पाचाचे सहा केले तर ब्रँडमध्ये उरलं काय? तूच म्हणाली होतीस. जाहिराती छापून झाल्यात," तो म्हणाला. "त्यांचा फोटो काढून टाकायला सांगतो मी." फोटो निघाला. वैशालीने आईच्या फोनवर मावशीला काढून तिथे काकांना घातलं. पण काका आता कुणाच्या दारात जातच नव्हते.

रविवारी ती त्यांच्या खोलीवर गेली. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जशी काही ती येणार हे त्यांना ठाऊकच होतं. "या मॅडम, बसा," ते म्हणाले.

"काका, असं काय करता? वैशू आहे मी."

"हो, ठाऊक आहे ना." त्यांनी फळीवरून प्लास्टिकची पिशवी काढली. आत एक फुलस्केप कागद होता, निळ्या शाईत, ठळक अक्षरांत लिहिलेला. 'महोदया, मी अर्जदार वरील पत्त्यावर सन १९७४ पासून राहत आहे. माझी ओळख पटत नसल्याचे यंत्राकडून वारंवार कळविण्यात येत आहे. तरी सोबतच्या कागदपत्रांवरून माझी ओळख पटवून घ्यावी, ही विनंती.' खाली टाचणी लावून आधारकार्ड, रेशनकार्ड, गिरणीचा गेटपास, गोदामाच्या मालकाने दिलेलं चांगल्या वर्तणुकीचं पत्र आणि बायकोच्या मृत्यूचा दाखला. प्रत्येक झेरॉक्सवर 'सत्यप्रत' लिहून सही केलेली.

"हा कशाला जोडलात?" तिने दाखल्यावर बोट ठेवलं.

"त्याच्यावर चाळीचा पत्ता आहे ना. जुना आहे. म्हटलं, उपयोगी पडेल."

वैशाली रडायला लागली. "काका, चूक माझी आहे," ती म्हणाली. "पाच मी ठरवलं. ते वाक्य मी लिहिलं. परवा तुमचे फोटो लावले तेव्हा मी तिथेच होते, आणि मी बोलले नाही." काकांनी ऐकून घेतलं. त्यांना त्यातलं फारसं कळलं नसावं, किंवा सगळंच कळलं असावं.

"नाय मॅडम, तुमचं काय नाय त्यात," ते म्हणाले. "पन्नास वर्षं राहिलो, पण नाव असं कुठं नोंदवलं नाय. ते माझंच चुकलं." मग त्यांनी अर्जाची दुसरी प्रत पुढे सरकवली. "पोच म्हणून एवढी सही द्याल?"

तिने सही दिली. त्यांनी ती नीट पाहिली, खाली तारीख घालून घेतली आणि कागद पिशवीत ठेवला. "कधी येऊ विचारायला?"

येऊ नका, हे त्याचं खरं उत्तर होतं. त्या टॉवरच्या चोवीस मजल्यांत तो अर्ज घेणारं एकही टेबल नव्हतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून तिला ते म्हणवेना. "पुढच्या सोमवारी," ती म्हणाली.

सोमवारी साडेदहाला रिसेप्शनवरून फोन आला. "मॅडम, खाली बुधाजी म्हणून कुणीतरी आलेत. अर्जाचं विचारायचंय म्हणतात."

"बसवा त्यांना. मी येतेच."

आणि ती निघालीही होती. तेवढ्यात जाहिरातीची फिल्म आली, सगळे बघायला जमले, मराठी वाक्यं तपासायला तीच हवी होती. खाली उतरायला अडीच वाजले. मऊ सोफ्याच्या अगदी कडेला काका बसले होते, छातीवर पाहुण्याचा बिल्ला, मांडीवर पिशवी. समोर ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीचं झाकणही उघडलेलं नव्हतं. वैशालीला लिफ्टमधून बाहेर येताना पाहिलं मात्र, ते चटकन उठून उभे राहिले.

"बसा ना, काका."

ते बसले नाहीत. "झालं का मॅडम काय?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही," वैशाली म्हणाली, आणि तिने त्यांना पुढची तारीख दिली.